मी लावलेली जोड

आमच्या डहाणू-तलासरीकडची मुलं काटक असतात. पाड्यांवरून डोंगर उतरून शाळेत येणारी, अनवाणी धावली तरी बूट घातलेल्यांना मागे टाकणारी. पण अंगाने बारीक. मी इथे शारीरिक शिक्षणाची शिक्षिका आहे आणि शाळा सुटल्यावर मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये बॉक्सिंग शिकवते. आजवर माझ्याकडे आलेली बहुतेक मुलं पंचेचाळीस ते साठ किलोंच्या आतली. हेवीवेट म्हणावा असा एकच आला, तो सायवनचा.

तालुक्याच्या शालेय स्पर्धेत तो गोळाफेकीच्या वर्तुळात उभा राहिला तेव्हा मी शिट्टी वाजवायची विसरले. नववीतला मुलगा, पण आमच्या वर्गाच्या दारातून आत यायचं तर त्याला मान वाकवावी लागे. त्याने फेकलेला गोळा चुन्याच्या शेवटच्या रेषेपलीकडे शेजारच्या वालाच्या शेतात जाऊन पडला. शेतातली बाई ओरडत बांधावर आली. मुलगा स्वतः गेला, तिच्या पाया पडला, गोळा उचलून आणला आणि मला म्हणाला, “मॅडम, परत टाकू की झालं?”

त्याच संध्याकाळी मी त्याला शेडमध्ये नेलं.

सहा वर्षांत तो शहाण्णव किलोंचा, सहा फूट दोन इंचांचा बॉक्सर झाला. सायवनहून एसटीने चारोटीला यायचं, तिथे तासभर डहाणूच्या गाडीची वाट बघायची, वडापाव खायचा, मग माझ्याकडे. रोज. राज्य स्पर्धेत पदक घेतलं आणि मग व्यावसायिक लढती खेळायला लागला. तीन लढती झाल्या होत्या, तिन्ही दुसऱ्या राउंडच्या आत संपल्या. लोक टाळ्या वाजवत होते, पण मला त्यात काही दम वाटत नव्हता. समोर आलेले तिघेही नुसते वजनाने जड होते. एकाने तर घंटा वाजल्याबरोबर तोंडच फिरवलं होतं.

लढती भरवणारे शेठ उंबरगावकडचे गुजराती. प्लास्टिकचा कारखाना, आणि बॉक्सिंगचं भयंकर वेड. ते एक दिवस शाळेत आले, माझ्या टेबलाशी बसले आणि म्हणाले, “बेन, आता पोराच्या समोर नाव पाहिजे. असं नाव, की लोक बोलतील, याने अमक्याला हरवला.”

“इथे हेवीवेट आहे कुठे, शेठ?”

“आहे ने. तुमच्याच भिंतीवर लटकतोय.”

त्यांनी माझ्या मागे बोट दाखवलं. भिंतीवर वर्तमानपत्राचं एक पिवळं पडलेलं कात्रण फ्रेम करून लावलेलं होतं. फोटोत एकोणीस-वीस वर्षांचा एक तरुण, गळ्यात राष्ट्रीय स्पर्धेचं सुवर्णपदक, ओठ सुजलेला, आणि तरीही खदाखदा हसणारा.

तो आमचा दादा. सख्खा नव्हे. त्याच्याकडे शिकलेली आम्ही सगळीच मुलं त्याला दादा म्हणायचो, आणि अजूनही डहाणू स्टेशनच्या तिकीट खिडकीपाशी कुणी ना कुणी “दादा, एक रिटर्न” म्हणून हात आत घालतंच.

त्याचं घर झाईला. वडिलांची चिकूची छोटी वाडी होती. राष्ट्रीय पदक घेऊन तो सुट्टीवर आला की सकाळी साडेपाचला किनाऱ्यावर धावायला जायचा, आणि आम्ही आठ-दहा पोरं मामाच्या घरी, मावशीच्या घरी राहायला आल्याचं निमित्त करून त्याच्या मागे धावायचो. मी चौदा वर्षांची होते. मुलगी एकटीच. पहिल्या दिवशी त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, “तुला कुणी मारलंय का?”

“नाही.”

“मग शिकायचंय कशाला?”

मी म्हटलं, “तुम्ही पदक घेऊन आलात तेव्हा मी स्टेशनवर होते.”

तो हसला. “पुरे झालं,” म्हणाला आणि माझ्या हातांना पट्ट्या बांधायला बसला. बोटांमधून पट्टी कशी काढायची, मनगटावर किती फेरे द्यायचे, हे त्याने मला त्या दिवशी सुरूच्या झाडाखाली शिकवलं, आणि मी आजही तशीच बांधते. आमच्याकडे बॅग नव्हती. कोळ्यांनी टाकून दिलेल्या जाळ्यात वाळू आणि चिंध्या भरून त्याने ती सुरूच्या फांदीला टांगली होती. तिला मासळीचा वास यायचा. मामाकडे परत गेले की मामी मला आधी मागच्या दारी हातपाय धुवायला लावायची.

त्याचा डावा हात बघायला आम्ही जायचो, असंच म्हटलं पाहिजे. पुढच्या हाताचा सरळ ठोसा, ज्याला जॅब म्हणतात, तो सगळेच शिकतात. पण दादाचा जॅब निघालेला दिसायचाच नाही. आधी ठोसा लागायचा आणि मग कळायचं की हात हलला होता. एवढा दांडगा माणूस आणि इतका हलका हात. आमच्यातला एक पोरगा म्हणायचा, दादा गालावरची माशी मारतो, पण माशीला कळत नाही.

पुढे त्याचं फारसं झालं नाही. परदेशात जाणाऱ्या संघाच्या निवड चाचणीत तो थोडक्यात हरला. त्याच वर्षी वडील गेले. रेल्वेत खेळाडू म्हणून लागलेली नोकरी होती, तिथे हळूहळू खेळाडूपण सुटलं आणि नोकरी उरली. मी शिक्षिका होऊन डहाणूला आले तेव्हा तो तिकीट खिडकीमागे बसायचा. खिडकीतून त्याचे फक्त हात दिसायचे. चेहरा बघायचा तर वाकावं लागे. वाकून पाहिलं की तो भुवया उडवायचा आणि चहा सांगायचा.

अशा माणसाला, एकोणचाळिसाव्या वर्षी, आठ वर्षं रिंगमध्ये पाऊल न टाकलेल्याला, माझ्या एकवीस वर्षांच्या मुलासमोर उभा करा, असं शेठ म्हणत होते.

मी नाही म्हटलं. शेठ गेले. आणि नंतर मी काय केलं तर वहीच्या मागच्या पानावर दोन रकाने पाडले. उंची, वजन, हाताची लांबी, वय, शेवटची लढत कधी. जोड लावणं हा आपल्याकडे कुस्तीच्या आखाड्यातला शब्द. दोघं तोलामोलाचे हवेत, असा त्याचा अर्थ. मी रकाने भरत गेले आणि दिसलं की प्रत्येक ओळ माझ्या मुलाच्या बाजूने पडते. एक अनुभव सोडला तर. आणि अनुभवाची भीती वाटत नव्हती, उलट तोच तर हवा होता. माझ्या मुलाला कुणीतरी खरा ठोसा दाखवायला हवा होता. अशी जोड मला दुसरीकडे मिळाली नसती. पान फाडून टाकावं असं वाटलं. फाडलं नाही. रविवारी झाईची बस पकडली.

दादा ओटीवर चिकू निवडत बसला होता. पोट मांडीवर आलेलं. वहिनी आत होत्या. मी फार आढेवेढे घेतले नाहीत.

“शेठना तुझं नाव हवंय. माझ्या मुलासमोर.”

त्याने हातातला चिकू खाली ठेवला. मला वाटलं, तो हसेल किंवा चिडेल. त्याने विचारलं, “किती राउंड?”

“सहा म्हणतायत.”

“चार कर. सहा मला झेपणार नाहीत.” आणि लगेच, “दोन महिने मिळतील ना?”

त्याच्या चेहऱ्यावर जे पसरलं ते पाहून मला तिथून उठून जावंसं वाटलं. तो खूश झाला होता. कुणीतरी विचारायला येईल म्हणून तो आठ वर्षं त्या ओटीवर बसून होता, असं मला वाटलं.

वहिनी मला बसथांब्यापर्यंत सोडायला आल्या. एरवी त्या चिकूची पिशवी देतात. त्या दिवशी हात रिकामे होते.

“त्यांचं बीपी वाढलेलं असतं, माहीत आहे तुला?”

“डॉक्टर तपासल्याशिवाय उतरू देणार नाहीत, वहिनी.”

“डॉक्टरांना ते काय सांगणार, ते मला ठाऊक आहे. विचारायला दुसरं कुणी आलं असतं ना, तर त्यांनी नाही म्हटलं असतं. तू आलीस.” बस आली तेव्हा त्या वळून निघूनही गेल्या होत्या.

मग दोन महिने डहाणूत दुसरा विषय नव्हता. मी दुसऱ्या बाजूची, त्यामुळे दादाच्या तयारीत मला जागा नव्हती. पण कानावर यायचं. तो तिकीट खिडकीत बसून डाव्या हाताने रबरी चेंडू दाबतो. त्याने भात सोडला. दुपारच्या पाळीनंतर घोलवडला उतरून तिथून झाईपर्यंत वाळूतून चालत जातो. तिकिटं घेणारे लोक विचारायचे, “दादा, किती उतरलं?” आणि तो खिडकीतून बोटं दाखवायचा. चार. सहा. नऊ.

एका पहाटे मी बोर्डीला मुलांचं शिबिर घेऊन गेले होते. सगळे झोपलेले असताना किनाऱ्यावर फिरायला निघाले, तर सुरूच्या बनात कुणीतरी होतं. दादा एकटा. समोर कुणी आहे असं समजून ठोसे मारत होता. मी एका झाडामागे उभी राहिले. पोट बरंच गेलं होतं, पण पाय जड पडत होते. दोन मिनिटांनी तो गुडघ्यांवर हात टेकून थांबायचा, तोंडाने श्वास घ्यायचा आणि परत सुरू करायचा. आणि मध्येच, दहात एकदा, तो डावा हात निघायचा. दिसायचाच नाही. ओहोटीच्या वाळूवर बगळे उभे होते, ते त्याला सरावलेले असावेत, हलतही नव्हते. मला चौदा वर्षांची असल्यासारखं वाटलं, आणि समोर जाऊन “दादा, मी पण” असं म्हणायची फार इच्छा झाली. मी आल्या वाटेने परत गेले.

इकडे माझा मुलगा वेगळ्याच अडचणीत होता. त्याने सहा वर्षं ते कात्रण पाहिलं होतं.

“मॅडम, हळू मारू का?” त्याने एकदा पट्ट्या सोडताना विचारलं.

“हळू मारलंस तर त्याला पहिल्या ठोशालाच कळेल. मग तो आयुष्यात तुझं तोंड बघणार नाही. माझंही.”

“आणि जोरात मारला तर?”

“तर तो तुला जेवायला बोलवेल.”

हे मी म्हटलं खरं, पण मुलाला एक गोष्ट मी सांगितली नव्हती, आणि ती मला रोज आठवत होती.

वीस वर्षांपूर्वी, एका संध्याकाळी आम्ही झाईला कोळ्यांना होडी वर ओढायला मदत करत होतो. भरती येत होती. दादाचा पाय ओल्या वाळूत सरकला आणि तो होडीच्या कडेवर उजव्या बरगडीवर आदळला. आवाज मला ऐकू आला, कारण मी त्याच्या मागेच होते. बरगडी मोडली होती. आठ दिवसांनी राष्ट्रीय संघाचं शिबिर. मला घेऊन तो गुपचूप एका डॉक्टरांकडे गेला, कारण एकट्याला शर्टसुद्धा काढता येत नव्हता. परत येताना म्हणाला, “हे कुणाला कळलं तर माझं शिबिर गेलं. शपथ घे.” मी घेतली. बरगडी जुळली, पण नीट नाही. तेव्हापासून तिथे मार बसला की त्याचा उजवा कोपर आपोआप खाली यायचा, आणि हनुवटी उघडी पडायची. हे त्याला माहीत होतं आणि मला. त्याचा हात इतका जलद होता की कुणी तिथपर्यंत पोचायचंच नाही, म्हणून जगाला कळलं नाही.

लढत फेब्रुवारीतल्या एका रविवारी, तलासरीजवळ हायवेला लागून असलेल्या एका पार्टी प्लॉटमध्ये ठरली. लग्नसराईचे दिवस. त्याच जागी संध्याकाळी लग्न होतं, म्हणून लढत दुपारी दोनला. आम्ही पोचलो तर रिंगच्या मागे नवरानवरीच्या खुर्च्या, झेंडूचे पडदे आणि अर्धवट लावलेली अक्षरं. आचारी एका बाजूला उंधियोसाठी सुरण चिरत होते. दादाला कपडे बदलायला नवरीची खोली मिळाली होती आणि आम्हाला भांड्यांची.

माणसं दीड-दोन हजार तरी असतील. रेल्वेचे लोक, चिकूवाले बागायतदार, झाईच्या कोळणी खुर्च्यांवर पाय घेऊन बसलेल्या. सायवनहून दोन जीप भरून आल्या होत्या. वहिनी आल्या नव्हत्या.

दादाने रिंगमध्ये येताना दोरी उचलून धरली आणि खाली वाकून आत आला, तेव्हा लोक उभे राहिले. त्याने माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. तिकीट खिडकीतून उडवायचा तशाच.

पहिल्या राउंडमध्ये माझा मुलगा पुढे गेला आणि त्याच्या तोंडावर काहीतरी आदळलं. तो थांबला. परत गेला. परत आदळलं. त्याला कळत नव्हतं कुठून येतंय. तीन मिनिटं दादाने त्याला फक्त डावा हात दाखवला. मी कोपऱ्यात उभी राहून तोंडावर हात धरला होता, आणि कबूल करायला हरकत नाही, माझे डोळे भरून आले होते. समोर माझा विद्यार्थी मार खात होता आणि मला होडीचा, मासळीच्या वासाच्या बॅगचा, सकाळी साडेपाचचा किनारा दिसत होता.

मुलगा स्टुलावर येऊन बसला. मी त्याला पाणी दिलं, म्हटलं, “डोकं हलव. गार्ड वर ठेव.” कुणीही सांगेल अशा गोष्टी.

दुसरा राउंडही तसाच. आता लोक वेडे झाले होते. सायवनच्या जीपवालेसुद्धा “दादा, दादा” करायला लागले. मुलाच्या नाकातून रक्त आलं. घंटा वाजली तेव्हा तो चुकून दुसऱ्या कोपऱ्याकडे निघाला, मी हाक मारून त्याला बोलावलं.

“मॅडम,” तो म्हणाला. आवाजात रडू नव्हतं, पण ते लांबही नव्हतं. “मला त्यांचे ठोसे दिसतच नाहीत. काय करू? सांगा ना.”

मी त्याचं नाक पुसत होते. समोर दादा बसला नव्हता. बसलं तर उठता येणार नाही, म्हणून दोरीला पाठ लावून उभा होता. छाती भात्यासारखी चालू होती. त्याच्यात आणखी अर्ध्या राउंडचा डावा हात उरला असेल. माझ्यापुढे दोघं होते. एकाला शब्द दिला होता. दुसऱ्याने तोंडभर रक्त गिळून मला सरळ प्रश्न विचारला होता, आणि तो माझ्याकडे नववीपासून याच विश्वासाने येत होता की मला जे माहीत आहे ते मी त्याला सांगते.

“उजव्या कोपराखाली,” मी म्हटलं. “डाव्या हाताने. एकदा नाही. तीन-चारदा, एकाच जागी. मग वर बघ.”

तो उठला. पहिला ठोसा हुकला. दुसरा बसला आणि दादाचा कोपर खाली आला. तिसरा त्या कोपरावर. चौथा कोपर ओलांडून आत. वर बघ असं मी सांगितलं होतं, त्याने पाहिलं, आणि उजवा हात टाकला.

दादा एका गुडघ्यावर बसला.

सगळा पार्टी प्लॉट गप्प. आचाऱ्यांच्या सुऱ्यांचा आवाज तेवढा येत होता, मग तोही थांबला. रेफरी मोजत होता. दादाने मान वर केली, ती मुलाकडे नाही, माझ्याकडे. सरळ माझ्या डोळ्यांत. चार, पाच. मी नजर हलवली नाही. मला हलवता आली नाही. सातला तो उठला.

तो राउंड त्याने मिठ्या मारून काढला. चौथ्यात त्याचा डावा हात खांद्यापर्यंतही येत नव्हता, पण तो पुढेच चालत राहिला, एक पाऊल मागे गेला नाही. शेवटची घंटा वाजली तेव्हा दोघं एकमेकांच्या गळ्यात होते आणि कोण कुणाला सावरतंय ते कळत नव्हतं.

निकाल एका गुणाने आमच्या बाजूने लागला. मुलाचा हात वर गेला तेव्हा त्याने दुसऱ्या हाताने दादाचाही हात वर केला. टाळ्या दादाला जास्त पडल्या.

मी नवरीच्या खोलीत गेले. आरशाभोवती बल्ब लावलेले, समोर लाल गादीची खुर्ची, तीत दादा. बरगडीवर आचाऱ्यांकडून आणलेल्या बर्फाची पिशवी. मी दारातच उभी राहिले.

“सांगितलंस ना त्याला?”

“सांगितलं.”

“कधी?”

“दुसऱ्यानंतर.”

“दोन राउंड गप्प का बसलीस मग?”

“शपथ घेतली होती, दादा.”

त्याने मान हलवली, चिडल्यासारखी. “तू त्याची कोच आहेस की माझी बहीण? पोराचं नाक फुटेपर्यंत थांबलीस. पहिल्याच राउंडला सांगायचं.” मग बर्फ दुसऱ्या हातात घेतला. माझ्याकडे न बघता विचारलं, “पहिले दोन कसे होते?”

“तसेच होते,” मी म्हटलं. “सुरूच्या झाडाखालचे.”

तो हसायला गेला, बरगडी दुखली, आणि हसणं तसंच अर्धं राहिलं. मी जाऊन त्याच्या हाताच्या पट्ट्या सोडायला बसले. बोटांमधून, मनगटावरून.

बाहेर रिंग सोडवायला घेतली होती आणि वरातीचा बँड हायवेवर पोचला होता. नवरीचे वडील खोलीच्या दारात आले. ते सकाळपासून तयारी बघायला आले होते आणि कामं सोडून चारही राउंड उभ्याने पाहत राहिले होते. “जेवल्याशिवाय कुणी जायचं नाही,” म्हणाले. त्यामुळे त्या संध्याकाळी आम्ही एका अनोळखी लग्नात जेवलो. दादा आणि सायवनचा मुलगा समोरासमोर बसले. मुलाच्या नाकात कापसाचे बोळे. त्याला कशाचाही वास येत नव्हता आणि तो उंधियो कसा झालाय ते दादाला विचारत होता. दादा त्याच्या ताटात जिलेब्या टाकत होता आणि एकीकडे हात फिरवून सांगत होता, “तुझा उजवा खांदा आधी हलतो. तिथेच मला कळतं तू काय करणार ते. खांदा झोपव.” मुलगा जेवण सोडून बसल्या जागी खांदा झोपवायचा प्रयत्न करत होता. वाढणारे पंक्तीत थांबून बघत होते.

बरगडीला पुन्हा चीर गेली होती. दादाला तीन आठवडे रजा घ्यावी लागली. मी भेटायला गेले तेव्हा वहिनींनी चहा केला, कप माझ्यासमोर ठेवला आणि आत गेल्या. बोलल्या नाहीत. पुढे पावसाळा होऊन गेला तरी बोलल्या नाहीत. मला त्यांचं चुकलं असं कधी वाटलं नाही. शेठना पुन्हा तीच जोड लावायची होती. दादा तयार होता. मी शेठना सांगितलं की मुलाला दुसरीकडे पाठवतेय, आणि खरंच पाठवला. आता तो लांब उत्तरेकडे शिकतो. तिथे त्याच्याएवढे दहा जण आहेत. तो दोन लढती जिंकला, एक हरला. हरल्यावर फोन करून म्हणाला, “मॅडम, खांदा हलला.”

दादाला मी शेडमध्ये शिकवायला बोलावलं होतं. तो दोनदा आला, बाकावर बसला, पोरांचे खेळ बघितले आणि मग यायचा थांबला. “मला नुसतं बसून बघवत नाही,” म्हणाला. “हात शिवशिवतात.” वजन परत वाढलंय. भात सुरू झालाय. खिडकीत वाकलं की अजून भुवया उडवतो.

गेल्या महिन्यात मी सातवीच्या तासाला होते आणि फोन वाजला. वहिनी. दीड वर्षांनी.

“तुझा सायवनवाला आलाय इथे,” त्या म्हणाल्या. “सुट्टीवर आलाय म्हणे. घरी जायच्या आधी इकडे आला. सकाळपासून दोघं समुद्रावर आहेत, हाका मारून थकले मी.”

“दादा बरा आहे ना?”

“त्यांना काय झालंय! घामाघूम झालेत आणि लहान पोरासारखे ओरडतायत.” मग म्हणाल्या, “पापलेट आणलेत. दोघांना पुरून उरतील एवढे आहेत. येतेस का?”

मी मुख्याध्यापकांकडे अर्ध्या दिवसाची रजा मागितली. कारण विचारल्यावर म्हटलं, घरगुती.